साखराबाईच्या घरचा हरभरा

कुणी काही आपल्या हातानं आणून दिलं, की त्यात खोट काढणं मनिषाबाईंना जमायचं नाही. स्वभाव चांगलाच म्हणायचा. पण चांगल्या स्वभावापायीही माणूस गोत्यात येतो, आणि एकटा येत नाही, सोबत चार जणांना ओढतो. जांभळढवच्या शाळेत तर अडतीस लेकरं होती.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, उमरी तालुक्याच्या पार कडेला. शिक्षक दोन. हेडमास्तर शिवशंकर सर वर्षातले निम्मे दिवस कसल्या ना कसल्या ड्युटीवर. कधी मतदारयादी, कधी ट्रेनिंग. शाळा खरी चालायची ती मनिषा सोनकांबळे बाईंच्या जिवावर. बाई मूळच्या देवणीकडच्या, राहायला मुदखेडला, रोज स्कूटीवर ये-जा. विज्ञान त्यांनी पुस्तकातून बाहेर काढून अंगणात मांडलं होतं. पाऊस मोजायला पत्र्याचा डबा. चिमण्यांना पाण्याची मडकी. हात धुवायच्या नळाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून पोरांनी स्वतः खणलेली नाली. ती आधी गांडुळांच्या हौदाला जायची, तिथून पपईच्या झाडांना. वर्गाच्या भिंतीवर बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘दिसलं ते लिहा. वाटलं ते नंतर.’ पोरं खरंच लिहायची. बाई उत्तर सांगायच्या नाहीत, हा त्यांचा हट्ट. “मला काय विचारता? जाऊन बघा,” म्हणायच्या आणि पोरं धावत सुटायची.

आणि गुरुवारची उसळ. तिचा तर तालुक्यात बोलबाला होता. गावातल्या एकेका घराची पाळी लावलेली. सोमवारी त्या घरून मूग, मटकी, हरभरा असं काहीतरी यायचं. मंगळवारी पोरं ते निवडून, धुऊन भिजत घालायची, संध्याकाळी कापडात बांधायची. बुधवारी मोड मोजायचे, पट्टीनं लांबी मोजायची, नासलेले दाणे वेगळे काढायचे, सगळं वहीत. गुरुवारी भामाबाई त्याची उसळ करायची. भामाबाई म्हणजे शाळेची स्वयंपाकीण, भीमनगरातली, नऊ वर्षं या चुलीपाशी.

दोन वर्षांत गावातल्या सगळ्या घरांची पाळी एकदा तरी येऊन गेली होती. एकच घर सोडून. गावाच्या वरच्या अंगाला साखराबाईचं घर, मोठी शेती, श्रीमंत नावाचा मोठा लेक, आणि त्याचा मुलगा सत्यम दुसरीत. सत्यम पहिलीच्या पहिल्या दिवसापासून घरून डबा आणायचा. बाकीची पोरं ताटं घेऊन ओळीत, आणि हा वर्गात एकटा भाकरी मोडत बसलेला. बाई एकदा, दोनदा, पाचदा त्या घरी जाऊन आल्या. साखराबाई चहा द्यायची, गोड बोलायची आणि म्हणायची, “त्याला बाहेरचं मानवत न्हाई वो बाई.” का मानवत नाही हे कुणी बोललं नाही. ते भामाबाईला मालूम होतं, बाईंना मालूम होतं, साऱ्या गावाला मालूम होतं.

आणि अशी ही साखराबाई दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी स्वतःच्या पायानं शाळेत आली. काखेत स्टीलचा मोठा डबा.

“सत्यम जीव खाऊन राहिला माझा,” ती डबा टेबलावर ठेवत म्हणाली. “समद्यांची पाळी येते, आपली कामून येत न्हाई म्हणतो. घ्या बाप्पा. तीन किलो हाय. घरात हाय त्यातला उजवा आणलाय, किडका दाणा दाखवा, नाव बदलून ठेवीन.”

बाईंनी झाकण उघडलं. हरभरा खरंच देखणा होता, टपोरा, एकसारखा. दाण्यांच्या सुरकुत्यांत कुठंकुठं तांबूस झाक होती, पण ती कुणाच्या डोळ्यात भरावी अशी नव्हती.

“आणि मी बी येते गुरुवारी,” साखराबाई जाता जाता म्हणाली. “लेकरासंगं बसून खाते. एवढं काय त्याचं.”

पलीकडे ओट्यावर भामाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. साखराबाईच्या घरचं माणूस तिच्या हातचं खाणार, हे तिनं या जन्मात तरी मनात आणलं नव्हतं. तिनं बाईंकडं बघितलं, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून परत सुपात बघायला लागली.

मंगळवारी सकाळी हरभरा धुवायला घेतला. चौथीतली तनुजा या कामाची म्होरकी. बारीक अंगाची, बोलायला फटकळ, आणि डोळा असा की तिच्यापासून काही सुटायचं नाही. दोन पातेली पाणी नालीत ओतलं आणि तिनं हाक मारली.

“बाई, पाणी लाल येऊन राहिलं.”

“हरभऱ्याच्या सालीचा रंग असतो तो.”

“सालीचा पिवळट असतो. गेल्या खेपेला लिवलाय मी. ह्यो लाल हाय.”

“असेल जातीचा फरक,” बाई म्हणाल्या.

आता बघा, इतर कुठल्याही आठवड्यात बाईंनी तिला म्हटलं असतं, जा, मागचे दाणे आणि हे दाणे दोन वाट्यांत भिजव आणि बघ. त्या दिवशी त्यांनी उत्तर देऊन टाकलं. तनुजाला ते खटकलं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं वहीत लिहिलं: पाणी लाल.

मधल्या सुट्टीत ती परत आली, आणि या वेळी हाक न मारता बाईंच्या पदराला धरून घेऊन गेली. नळाखाली काळ्या मुंग्यांची रोजची रांग असायची, नालीच्या कडेकडेनं. रांग होती. पण चालत नव्हती. जिथल्या तिथं आडव्या पडलेल्या, काहींचे पाय हलत होते, बाकीच्यांचे तेही नाही.

“चौसष्ट मोजल्या,” तनुजा म्हणाली. “मंग सोडून दिलं.”

बाई खाली वाकल्या आणि तेव्हा तो वास आला. अगदी पुसट. ओल्या मातीच्या आणि साबणाच्या वासाखालून येणारा, घशाच्या मागं चिकटून बसणारा. बाईंना तो वास ओळखायला क्षणही लागला नाही. त्यांची आई दुसऱ्याच्या रानात फवारलेल्या कापसातून दिवसभर खुरपत यायची, आणि लहानगी मनिषा धावत जाऊन तिच्या लुगड्यात तोंड खुपसायला बघायची. आई ढकलून द्यायची. लांब हो, म्हणायची, औषधाचं लुगडं हाय. आईच्या कुशीत शिरायला मिळत नाही याचा तेव्हा किती राग यायचा.

तोच वास. त्याबद्दल दुमत नव्हतं. पण माणसाचं मन मोठं कारागीर असतं हो, नको असलेली गोष्ट झाकायला त्याला कापड बरोबर सापडतं. बाईंनी स्वतःला सांगितलं की वाऱ्यावर कुठून तरी येत असेल, तुरीवर फवारणी चालू आहे. आणि पोरीला सांगितलं, “थंडीनं मेल्या असतील.”

“थंडी कुठं पडली बाई अजून?”

“तनुजा, घंटा झाली. वर्गात जा.”

दुपारी बाईंनी दोनदा मोबाईल हातात घेतला. श्रीमंतचा नंबर होता त्यांच्याकडं. पण विचारायचं काय? तुमच्या हरभऱ्याला औषध लावलंय का? साध्या शब्दांतला साधा प्रश्न. आणि संध्याकाळपर्यंत गावभर काय झालं असतं तेही त्यांना दिसत होतं. सोनकांबळे बाईंनी साखराबाईच्या घरच्या दाण्यात विष काढलं. ती म्हातारी दोन वर्षांनी एक पाऊल पुढं आली, आणि हिनं तिच्या तोंडावर डबा फेकला. परत ती या पायऱ्या चढली नसती, आणि सत्यम चौथीपर्यंत वर्गात एकटा भाकरी मोडत बसला असता. बाईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला. 

त्यांनी एक केलं. हरभरा आणखी दोन पाण्यानं धुवायला लावला. पाणी जवळजवळ स्वच्छ आलं. बाईंना बरं वाटलं. ते पाणीही नालीतून गांडुळांच्या हौदात गेलं.

बुधवारी कापड सोडलं आणि पोरं ओरडलीच. मोड काय आले होते! पांढरेशुभ्र, दाण्यादाण्याला. शंभर दाणे मोजून वेगळे काढायचा रिवाज होता, किती उगवले आणि किती नासले ते बघायला. दर वेळी पाच-सात बुळबुळीत निघायचे. या खेपेला शंभरातले शंभर. एकाला बुरशी नाही, एकाला वास नाही, एक माशी म्हणून त्यावर बसलेली नाही.

“लई भारी हाय आमचा हरभरा!” सत्यम छाती काढून म्हणाला, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनीही वाजवल्या. शंभरात शंभर म्हणजे काय हे विज्ञानाच्या शिक्षिकेला कळू नये? दाणा नासू नये म्हणून त्याला काहीतरी चोळलेलं असतं तेव्हाच असं होतं. कळलं त्यांना. टाळ्या वाजवता वाजवताच कळलं.

शाळा सुटल्यावर भामाबाई चुलीपासून उठून आली. मोडांची परात तिच्या हातात होती.

“बाई, ह्याला वास हाय.”

“कापडाचा असेल.”

“कापड मीच धुतलंय सोड्यानं. कापडाचा न्हाई.” ती आवाज खाली घेऊन म्हणाली, “उद्या साधी खिचडी करते मी. हे राहू द्या. म्हातारीला सांगू, मोड खराब झाले.”

“खराब? शंभरातले शंभर आलेत, पोरांनी सगळ्या गावाला सांगितलं असेल एव्हाना. तिला काय वाटेल?”

“तिला काय वाटंल ते वाटू द्या. काही कमी-जास्त झालं तर कुणावर येईल मालूम हाय ना तुम्हाला? तिच्या डब्यावर न्हाई येणार. माझ्या हातावर येईल.”

बाई दोन दिवसांच्या घुसमटीनं आधीच चिडलेल्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “तुम्हालाच नको आहे का तिनं तुमच्या हातचं खाल्लेलं?”

भामाबाईनं परात खाली ठेवली. तिला ते लागलं. नऊ वर्षांत या बाईंशीच काय, कुणाशीच ती वाकडं बोलली नव्हती. “करते,” एवढंच म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली. बाईंना त्याच क्षणी वाईट वाटलं, हाक मारावीशी वाटली. पण हाक मारली असती तर बोलणं परत त्या वासावर आलं असतं. म्हणून मारली नाही.

गुरुवारी साखराबाई साडेबारालाच हजर. कपाटातलं ठेवणीतलं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाईंनी तिच्यासाठी खुर्ची मांडली होती. “कशाला बाई,” म्हणत ती सरळ खालच्या बसायच्या पट्टीवर, पहिलीच्या नऊ लेकरांच्या ओळीत, सत्यमला मांडीशी घेऊन बसली. शाळेचा नियम असा, की लेकरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं आणि एका पालकानं घास खाऊन बघायचा आणि वहीत सही करायची. बाई वाटी हातात घेणार एवढ्यात तनुजा दारात आली. तिचा चेहरा पार उतरलेला.

“बाई, हौदाकडं चला.”

“आत्ता नको.”

“आत्ताच चला.”

बाई वाटी ठेवून गेल्या. भामाबाईकडं बघून म्हणाल्या, “आलेच मी.” ऑफिसातल्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. ती वेळ त्यांना पुढं कधी विसरता आली नाही.

गांडुळं उन्हाला बाहेर येत नाहीत. ओल, अंधार, शेण, पालापाचोळा, एवढंच त्यांचं जग. त्या हौदाच्या सिमेंटच्या काठावर, बाहेर, भर उन्हात गांडुळं पडली होती. शेकड्यानं. एकमेकांवर, फुगलेली, फिकी पडलेली. आतून पळून वर चढली होती आणि काठावर येऊन संपली होती. दोन वर्षं पोरांनी ती मुठीमुठीनं वाढवली होती. काही पोरांनी त्यांना नावंही ठेवली होती.

तनुजा रडत नव्हती. ती बाईंकडं बघत होती. “आपण धुतलेलं पाणी हिकडंच येतं,” ती म्हणाली.

बाई वळल्या. धावल्या का? धावायला पाहिजे होतं. त्या भरभर चालल्या. व्हरांड्यात पोचल्या आणि तिथंच थबकल्या, कारण साखराबाईनं तेव्हा पहिला घास तोंडात घातला होता. सगळी शाळा तिच्याकडं बघत होती. भामाबाई हातात पळी धरून उभी. म्हातारीनं घास चावला, गिळला, आणि मान हलवून म्हणाली, “चव हाय गं भामा तुझ्या हाताला. वाढ अजून.”

भामाबाईच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. तिनं वाढलं. सत्यमला वाढलं. मग पहिलीच्या ओळीला वाढत निघाली. पहिली वाटी, दुसरी, तिसरी. लहानग्यांनी हात घातले.

ओरडायचं होतं, बास, एवढंच. ‘खाऊ नका,’ दोन शब्द. ते बाईंच्या घशापर्यंत आले, आणि समोर ती म्हातारी हसत होती, आयुष्यात पहिल्यांदा त्या चुलीवरचं खात होती, आणि बाईंना वाटलं, देवा, असं सगळ्यांसमोर कसं म्हणू? त्यांना हळूच थांबवायचं होतं. कुणाला न दुखवता. त्या भामाबाईजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “जरा थांबा हं, मीठ कमी वाटतंय का बघा.”

“मीठ बरोबर हाय वो बाई,” साखराबाई म्हणाली. “वाढू दे तिला.”

“तरी जरा… लिंबू आणूया का?”

“बाई, गांडुळं मेली!” तनुजा मागून ओरडली.

“तनुजा, खाली बस!”

पोरी, माफ कर, असं त्या पुढं किती वेळा म्हणाल्या असतील. तेव्हा मात्र त्यांनी तिला खाली बसवलं आणि साखराबाईच्या शेजारी उकिडव्या बसून, चेहरा हसरा ठेवून, कुजबुजल्यासारखं विचारलं, “आजी, हरभरा फार छान आहे. कुठला हो?”

म्हातारीला तेच पाहिजे होतं. “पेरायचा हाय तो!” ती मोठ्यानं म्हणाली. “घरातल्या खायच्या हरभऱ्याला भुंगे लागलेत. तो शाळंला कसा देऊ? इज्जत हाय की न्हाई आपली? श्रीमंतानं पेरून उरलेलं बी क्यानात ठिवलंय. लाल औषध चोळलेलं होतं त्याला, पर मी येडी हाय का तसंच द्यायला? पाच पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, पांढरं सफेद केलं. मंग आणलं.”

“खाऊ नका!” बाई किंचाळल्या. “कुणी खाऊ नका! टाका! थुंका!”

त्यांनी पातेलं लाथेनं उलटं केलं. लेकरांच्या हातातून वाट्या हिसकल्या. दुसरी, तिसरी, चौथीच्या ओळी अजून रिकाम्याच होत्या, ती पोरं घाबरून भिंतीला चिकटली. पण पहिलीच्या नऊही वाट्या अर्ध्याच्या खाली गेलेल्या, सत्यमची पुरी संपलेली, आणि साखराबाई दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्या वाटीकडं बघत बसलेली, काय झालं ते तिला कळतच नव्हतं. घड्याळात बारा पन्नास.

अर्ध्या तासात पहिली उलटी झाली. मग एकामागून एक. दूधवाल्या किशनरावांचा टेम्पो गावात उभा होता, त्यात कॅन बाजूला सारून लेकरं घातली. बाई एकाचं डोकं मांडीवर, दुसऱ्याचं हातावर घेऊन बसल्या. सत्यमच्या तोंडातून लाळ गळत होती आणि तो हाकेला ओ देत नव्हता. साखराबाई टेम्पोच्या फळीला टेकून एकच वाक्य परत परत म्हणत होती, धुतलं होतं वो मी, धुतलं होतं. मग तिचं तेही थांबलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर विशाखा नावाची तरुण पोरगी होती. तिनं सगळ्यांना नळ्या लावल्या, नांदेडला फोन केला, गाडी मागवली. पाच वाजता बाहेर येऊन म्हणाली, “पहिलीची नऊ मुलं शुद्धीवर आहेत. दुसरीतला मुलगा आणि आजी, त्यांचं काही सांगता येत नाही. त्यांच्या पोटात जास्त गेलंय.”

तोवर दवाखान्याच्या पटांगणात गाव जमलं होतं. श्रीमंत रानातून तसाच आलेला, पायाला चिखल. त्याला एवढंच कळलं होतं की शाळेतलं खाऊन आई आणि लेकरू पडलंय. तो सरळ भामाबाईवर गेला. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, दुपारपासून पाण्याचा घोटही न घेता.

“म्हणून डबा देत होतो मी लेकराला!” तो ओरडला. “म्हणून देत होतो! काय घातलं गं त्यात?”

“मी काही न्हाई घातलं, दादा.”

“हिच्या हाताचं खाऊन पडली माझी माय!” श्रीमंत गर्दीकडं वळून म्हणाला. गर्दीतून कुणीतरी पुढं सरकलं. मागून आणखी दोघं. भीमनगरातली तीन-चार माणसं दाराशी उभी होती, ती जवळ आली. पोलीस जमादार वही काढून विचारत होता, स्वयंपाकी कोण, नाव काय, पूर्ण नाव सांगा. भामाबाई नाव सांगत होती.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “भामाबाईनं काही केलं नाही. ते बी होतं. पेरणीचं, औषध लावलेलं. तुमच्या क्यानातलं. आजींनी धुऊन आणलं होतं.”

 कोणतं क्यान, हे श्रीमंतला विचारावं लागलं नाही. तो मटकन पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. जमादारानं लिहिणं थांबवलं. 

“आईला काय मालूम,” श्रीमंत म्हणाला.  “ती अडाणी बाई. धुतलं की गेलं वाटलं तिला. मीच बायकोला सांगितलं, आईला सांगायचं राहिलं.” त्यानं वर बघितलं. “पर बाई, तुम्ही शिकलेल्या. विज्ञान शिकवता पोरांना. तुमच्या बी ध्यानात न्हाई आलं काही?”

तो दोष देत नव्हता. उलट बिचारा मार्ग करून देत होता. नाही आलं, एवढं म्हटलं की झालं. म्हातारीची चूक, लेकाची चूक, नशिबाची चूक. गर्दीतल्या माना आधीच हलायला लागल्या होत्या, बाईंना कसं कळणार, त्यांना काय स्वप्न पडलं होतं का? भामाबाई बाईंकडं बघत नव्हती. ती जमिनीकडं बघत होती, आणि तिनं कालचं एक अक्षर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती.

“आलं होतं,” बाई म्हणाल्या. “मंगळवारीच आलं होतं. पाणी लाल आलं, मुंग्या मेल्या, वास आला. भामाबाईनं काल सांगितलं, हे शिजवू नका. मीच तिला शिजवायला लावलं.”

 श्रीमंतला ते खरं वाटेना.

“मंग कामून बोलल्या न्हाई?”

 आत काचेच्या दारापलीकडं सत्यमच्या खाटेभोवती दोन सिस्टर वाकल्या होत्या आणि डॉक्टर विशाखा कुणाला तरी घाईघाईनं काहीतरी आणायला सांगत होती. उत्तर तर होतं बाईंजवळ. दुपारपासून होतं. पण ते मोठ्यानं म्हणायची वेळ आली तेव्हा ते इतकं लहान, इतकं फालतू निघालं, की त्यांना स्वतःचीच किळस आली.

“तुमच्या आईला वाईट वाटेल म्हणून,” त्या म्हणाल्या.